यान्यु सिएर्स आणि लिथुआनियाचे पांढरे चीज : घरी करताना रवाळ का होते?

निरगुडी

नमस्कार. माझा मुलगा रिगा येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेले होते, आणि 23 जूनची संध्याकाळ आम्ही त्याच्या वर्गमैत्रिणीच्या आजोळी, त्सेसिस गावाजवळच्या एका शेतघरात घालवली. लाटव्हियात ही संध्याकाळ ‘लीगो’ आणि दुसरा दिवस ‘यानी’ म्हणून साजरा होतो. पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे आणि बायकांच्या डोक्यावर रानफुलांचे मुकुट होते. सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळला आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पुन्हा उगवला. मधले सहा तास शेकोटी विझू द्यायची नाही आणि झोपायचे नाही, असा तिथला नेम आहे.

त्या रात्री त्या घरच्या आजींनी स्वतः केलेले चीज पानात वाढले. त्याला ‘यान्यु सिएर्स’ म्हणजे यानीचे चीज म्हणतात. लाकडी पाटावर एक वाटोळा, फिकट पिवळा गोळा ठेवलेला होता. ज्या फडक्यात तो बांधला होता त्याच्या चुण्या मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या उमटल्या होत्या, आणि जिथे गाठ होती तिथे बोटाच्या पेराएवढा खळगा होता. सुरीने कापताना तो किंचित दबला आणि काप अखंड निघाला. जिभेवर आधी लोणी लागले, मग दुधाचा गोडवा, आणि चावताना मध्येच एखादा सुवासिक दाणा. मला ती चव अजून विसरता आलेली नाही.

पुण्याला परत आल्यावर मी तीन लिटर म्हशीचे दूध लिंबाने फाडले, गाळले, त्यात 100 ग्रॅम लोणी, दोन अंडी, मीठ आणि आपले नेहमीचे जिरे घालून फडक्यात बांधले आणि रात्रभर वरवंट्याखाली ठेवले. सकाळी कडेने लोणी गोठून पांढरे झाले होते आणि आत सगळा रवा होता. सुरी लावताच भुगा झाला. तेव्हा माझे प्रश्न असे आहेत : हे एकजीव का झाले नाही? अंडे आवश्यकच आहे का, कारण माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत? दुसरे म्हणजे, रिगाच्या बाजारात लिथुआनियाचे म्हणून एक पाचरीच्या आकाराचे पांढरे चीज दिसले होते, ते हेच असते की वेगळे? आणि त्या दाण्यासाठी आपल्याकडचा कोणता मसाला वापरावा? ज्यांनी त्या देशांत राहून हे पदार्थ केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पैलतीर

निरगुडीताई, मी नऊ वर्षे रिगामध्ये राहत आहे आणि दर जूनमध्ये शेजारच्या काकूंबरोबर हे चीज करते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी खात्रीने देऊ शकते. तुम्ही जे केलेत ते पनीर होते आणि त्यात लोणी व अंडी नंतर मिसळली गेली. यान्यु सिएर्सची कृती मुळातच दोन टप्प्यांची आहे, आणि तुमच्याकडून दुसरा टप्पा पूर्णपणे राहून गेला.

पहिल्या टप्प्यात दूध लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडत नाहीत. ते ‘बिएस्पिएन्स’ने फाडतात. लाटव्हियन भाषेत ‘बिएस’ म्हणजे दाट आणि ‘पिएन्स’ म्हणजे दूध, म्हणजे शब्दशः दाट दूध. दूध आंबवून घट्ट दही लावायचे, ते हळूहळू कोमट करायचे आणि वेगळे झालेले पाणी गाळून टाकायचे, की जे दाणेदार, पांढरे, आंबूस उरते ते बिएस्पिएन्स. आपल्या चक्क्याशी त्याचे नाते जवळचे आहे, पण ते चक्क्याहून निराळे आहे. चक्का दही न तापवता नुसता टांगून करतो म्हणून तो लोण्यासारखा मऊ राहतो, आणि बिएस्पिएन्स तापवलेले असते म्हणून त्याला कण असतो. आपल्याकडे ते करायचे असेल तर दोन लिटर दुधाचे दही लावावे, दह्याचे पातेले गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे आणि अजिबात न ढवळता दही 50 अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्यावे. दही कडेने सुटून निवळीवर तरंगू लागले की आच बंद करावी, गार होऊ द्यावे आणि मलमलच्या फडक्यात टांगावे. साधारण 400 ग्रॅम मिळते. घाईने किंवा जास्त तापवले तर त्याचे खडे होतात आणि ते खडे पुढे कितीही घोटले तरी मोडत नाहीत.

आता दुसरे दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळीच्या अगदी जवळ, म्हणजे 90 अंशांपर्यंत आणावे आणि त्यात हे बिएस्पिएन्स हाताने कुस्करून, ढवळत ढवळत घालावे. आच मंद ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांत दूध फाटते आणि हिरवट पिवळी, स्वच्छ निवळ वेगळी होते. निवळ दुधाळ दिसत असेल तर थांबावे, गाळू नये, कारण तिच्यात अजून अर्धे चीज विरघळलेले आहे. निवळ स्वच्छ झाली की फडक्यातून गाळावे, पण पिळून कोरडे करू नये.

यानंतर जे करायचे तेच या चीजचे मर्म आहे. गाळलेला गोळा गरम असतानाच पुन्हा पातेल्यात घ्यायचा. त्यात 60 ग्रॅम वितळलेले लोणी, एक फेटलेले अंडे, दीड चमचा मीठ आणि एक चमचा ‘क्यिमेनेस’ (तुम्हाला लागलेला तो सुवासिक दाणा) घालायचे आणि अगदी मंद आचेवर लाकडी डावाने घोटत राहायचे. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे सगळे विस्कटलेले आणि तुपकट दिसते, आणि नवशिक्या माणसाला वाटते की पदार्थ बिघडला. तरीही घोटत राहावे. हळूहळू लोणी आत शिरते, कण मऊ पडतात, गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागतो आणि त्याच्यावर झळाळी येते. आपल्याकडे खोबऱ्याच्या वड्यांचे मिश्रण वड्या थापायच्या आधी जसे दिसते, तसे ते दिसते. शेजारच्या काकू या क्षणी डाव उभा करून दाखवतात. गोळा डावाला धरून उचलला गेला की झाले. मग तो लगेच ओल्या फडक्यात घ्यायचा, चुण्या सारख्या करत बांधायचा, गाठ मध्यभागी ठेवायची आणि दोन फळ्यांमध्ये वजनाखाली गार होऊ द्यायचा. गार झाल्यावर बांधलात तर तो पुन्हा रवाळ होईल. तुमचे बहुधा हेच झाले. लोणी गार चोथ्यावर पडले, त्यात मुरले नाही आणि रात्रभरात वजनाखाली दाबून बाहेर आले.

चीज वाटोळे ठेवतात कारण ते सूर्याचे रूप मानले जाते, आणि तुम्ही पाहिलेल्या चुण्यांना तिथले लोक किरणच म्हणतात. पण माझ्या मते त्याच्यामागचे मूळ कारण गोठ्यात आहे. त्या देशात हिवाळा लांब असतो, गायी वसंतात वितात आणि मे-जूनमध्ये कोवळ्या गवतावर चरू लागल्या की दुधाला पूर येतो. एवढे दूध साठवायला घरात जागा नसे आणि ते टिकतही नसे. शिवाय कठीण, मुरवलेल्या चीजसाठी वासराच्या जठरातले रेनेट (दूध साकळवणारे पाचकद्रव्य) लागते. शेतकऱ्याच्या घरात आंबट दूध मात्र रोजच असे. म्हणून दुधाच्या हंगामाच्या ऐन भरात, आंबट दुधाच्याच जोरावर होणारे आणि काही दिवसांत संपवायचे हे चीज सणाचा पदार्थ झाले. क्रिश्यानिस बारोन्स यांनी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या लोकगीतांचे संकलन मार्गी लावले, त्या प्रकारच्या गाण्यांत ‘यानीची आई’ म्हणजे घरधनीण हिच्याकडे चीज आणि ‘यानीचा बाप’ म्हणजे घरधनी याच्याकडे बिअर मागितली जाते. पाहुणे दारात येऊन गाणी म्हणतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘लीगो, लीगो’ हे पालुपद घेतात.

सोव्हिएत काळात, 1959 साली लाटव्हियाच्या पक्षनेतृत्वातील राष्ट्रीय वळणाच्या मंडळींना दूर करण्यात आले आणि त्यानंतर काही वर्षे हा सण अधिकृत दिनदर्शिकेतून बाहेर राहिला. तरीही घरोघरी चीज होतच होते, कारण गायी आणि जून महिना कोणाच्या आदेशाने थांबत नाहीत. आज 23 आणि 24 जून या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. 2015 मध्ये युरोपीय संघाने यान्यु सिएर्सला ‘हमीप्राप्त पारंपरिक वैशिष्ट्य’ म्हणून नोंदवले. ही नोंद प्रदेशाला दिलेली नाही, पद्धतीला दिलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. गायीचे दूध आणि घोटण्याची कृती ठरल्याप्रमाणे असली, तर त्याचे यान्यु सिएर्सपण टिकते.

पुढच्या वेळी आलात तर रिगाच्या मध्यवर्ती बाजारात जरूर जा. 1930 मध्ये सुरू झालेल्या या बाजाराचे पाच भव्य मंडप झेपेलिन या जर्मन, वायूने तरंगणाऱ्या हवाई जहाजांच्या जुन्या कोठारांचे सांगाडे वापरून उभारले आहेत आणि त्यांतला एक मंडप केवळ दुधाच्या पदार्थांचा आहे. तिथल्या बायका चीजचा लहानसा तुकडा सुरीच्या टोकावर चाखायला देतात. तीन-चार ठिकाणी चाखून पाहिले की कळते, प्रत्येक घराचे घोटणे वेगळे असते.

ताकमेढी

पैलतीर यांनी कृती इतकी नेमकी सांगितली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे फार नाही. मी सांगलीकडे दुग्धव्यवसायात पुष्कळ वर्षे काढली आहेत, म्हणून तांत्रिक बाजू तेवढी मांडतो.

ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके जास्त आंबट) साधारण 6.6 ते 6.7 असतो. थंड दूध आंबवत नेले तर त्यातले केसीन हे प्रथिन 4.6 या सामूला पूर्ण साकळते, आणि तेच आपले दही. दूध खूप तापलेले असेल तर मात्र इतक्या आंबटपणाची गरज पडत नाही आणि ते 5.3 ते 5.5 च्या दरम्यानच फाटते. शिवाय एवढ्या उष्णतेला निवळीत जाणारी प्रथिनेही केसीनला चिकटून चोथ्यातच राहतात, म्हणून उतारा वाढतो. पनीर, छेना आणि हे बाल्टिक चीज यांचे शास्त्र इथपर्यंत एकच आहे. फरक आंबट पदार्थात आहे. लिंबाचा रस पडतो तिथे क्षणभर आंबटपणा फार वाढतो आणि तेवढा भाग आक्रसून कोरडा होतो. दह्याचा चोथा घातला तर आम्ल हळूहळू आणि सगळीकडे सारखे पसरते, आणि तो चोथा स्वतःही चीजचाच भाग होतो.

अशा आम्लाने साकळलेल्या चीजमधले कॅल्शियम बऱ्याच प्रमाणात निवळीत निघून जाते. त्यामुळे ते मोझरेलासारखे ताणले जात नाही आणि पनीर तव्यावर टाकले तरी वितळत नाही. मग ते एकजीव करायचे कसे? त्यासाठीच लोणी, अंड्याचा बलक, मीठ आणि घोटणे यांची योजना आहे. बलकातील लेसिथिन लोण्याचे बारीक थेंब प्रथिनाशी बांधून ठेवते, आणि अंड्यातील प्रथिने 75 ते 80 अंशांच्या दरम्यान घट्ट होऊन सगळ्याला सांधतात. म्हणून घोटताना उष्णता याच टप्प्यात ठेवावी. जोराची उकळी आणली तर अंड्याच्या गुठळ्या होतील.

तुमची खरी अडचण मला म्हशीच्या दुधात दिसते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 6 ते 7 टक्के, आणि केसीन व कॅल्शियमही गायीच्या दुधापेक्षा जास्त असते. त्यामुळे चोथा टणक होतो. बासुंदीला आणि पेढ्याला हा गुण लाभदायक आहे, या चीजला नाही. गायीचे ताजे दूध घ्यावे. घरच्या गायीचे असेल तर आधी नीट उकळून घ्यावे, कारण बिएस्पिएन्स करताना दही 50 अंशांपलीकडे जात नाही आणि तेवढ्या उष्णतेने कच्च्या दुधातले जंतू मरत नाहीत.

अंड्याविना करायचे असेल तर एक उपाय आहे. गाळलेल्या गरम चोथ्यात लोण्याबरोबर अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून घोटावे. सोड्याने आंबटपणा उतरतो, केसीन पाणी धरून फुगते आणि गोळा आपोआप वितळल्यासारखा गुळगुळीत होतो. पूर्व युरोपात घरगुती चीज असेही करतात. चव चांगली लागते, पण पोत शिजवलेल्या चीजसारखा, किंचित चिकट असतो आणि त्याला यान्यु सिएर्स म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सासूबाईंसाठी लिथुआनियाचे चीज करणे हा अधिक सरळ मार्ग आहे, कारण त्यात मुळातच अंडे नसते. त्याबद्दल जाणकारांनी लिहावे.

दाण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. क्यिमेनेस म्हणजे वनस्पतिशास्त्रातले ‘कारम कार्वी’. आपले नेहमीचे जिरे ही वेगळी वनस्पती आहे आणि तिचा वास क्युमिनाल्डिहाइडचा असतो. कारम कार्वीचा वास कार्व्होन या द्रव्याचा असतो. दुकानात शहाजिरे या नावाने कधी कारम कार्वी मिळते, तर कधी डोंगराळ भागातले काळे जिरे मिळते. म्हणून विकत घेताना दाणा चुरगळून वास घ्यावा. खात्रीचे मिळाले नाही तर थोडा बाळंतशोपा वापरावा. शेपूच्या या बियांतही कार्व्होनच असते, त्यामुळे जिऱ्यापेक्षा ही चव मूळच्या कितीतरी जवळ जाते.

उत्तररात्र

मी लिथुआनियात, कौनस येथे सहा वर्षे होते, म्हणून पाचरीच्या चीजबद्दल लिहिते.

त्याला ‘वर्श्केस सूरिस’ म्हणतात. ‘वर्श्के’ म्हणजे लाटव्हियाचे जे बिएस्पिएन्स तेच, आणि ‘सूरिस’ म्हणजे चीज. ‘सूरुस’ या खारट अर्थाच्या विशेषणाशी त्याचे नाते आहे. यात दुसऱ्यांदा दूध घालणे नाही, लोणी नाही, अंडे नाही आणि घोटणेही नाही. वर्श्के उबदार असतानाच थोडे मीठ, हवे असल्यास तेच सुवासिक दाणे घालून ‘सूर्मैशिस’मध्ये भरतात. सूर्मैशिस म्हणजे चीजची पिशवी. ती जाड, विरळ विणीच्या लिननची, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाची, तळाशी निमुळती शिवलेली असते. पिशवीचे तोंड बांधून ती दोन फळ्यांमध्ये ठेवतात आणि वर दगड ठेवतात. पाणी निथळून गेले की आत जे तयार होते त्याला पिशवीचाच आकार येतो. तुम्ही पाहिलेली पाचर ती हीच. नीट पाहिलेत तर तिच्या अंगावर कापडाचे उभे-आडवे धागे आणि एका कडेला शिवणीची रेघ उमटलेली दिसते. माझ्या घरमालकीणबाईंकडे त्यांच्या आईने शिवलेली अशी पिशवी होती. ती साबणाने न धुता फक्त निवळीत आणि मग उकळत्या पाण्यात धुवायची, असा त्यांचा दंडक होता, कारण साबणाचा वास पुढच्या चीजला लागतो.

जुन्या घरांत आंबट दुधाचे मडके, पाव भाजून झाल्यावर निवत चाललेल्या भट्टीत ठेवत. तिथली ऊब इतकी संथ असे की दही न मोडता आपोआप वर्श्के होई. पैलतीर यांनी सांगितलेली गरम पाण्याच्या पातेल्याची युक्ती त्याचेच काम करते. मी ते करताना पातेले जाड टॉवेलात गुंडाळून तासभर तसेच ठेवत असे आणि परिणाम उत्तम मिळत असे.

ताजे वर्श्केस सूरिस मऊ, ओलसर आणि किंचित आंबूस असते. कापल्यावर ते दाणेदारच दिसते आणि तो त्याचा दोष नाही. निरगुडीताईंचे चीज रवाळ झाले म्हणून त्यांना वाईट वाटले, पण लिथुआनियात तोच रवा लोकांना हवा असतो. त्यावर मध घालून खातात. तिथे मधाला ‘मेदुस’ म्हणतात आणि दुधाला ‘पिएनस’. पहिला शब्द आपल्या मधूचा सख्खा भाऊ आहे आणि दुसऱ्याचे मूळ संस्कृत ‘पयस्’शी जुळते. पहिल्यांदा हे कळले तेव्हा त्या थंड, अनोळखी स्वयंपाकघरात मला फार आपलेपणा वाटला होता. हेच चीज भट्टीजवळ सुकवले की कडक होते आणि महिनोन्‌महिने टिकते. काही घरांत ते धुरीही देतात. मार्चच्या सुरुवातीला व्हिल्नियसमध्ये संत काझिमेरस यांच्या नावाने जी जत्रा भरते, तिथे ताजे, सुकवलेले आणि धुरी दिलेले असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. ‘लिथुआनियाचे वर्श्के चीज’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे इथे मात्र नाव प्रदेशाशी बांधलेले आहे.

आणखी एक प्रकार सांगते. ‘सालदाउस पिएनो सूरिस’, म्हणजे गोड्या दुधाचे चीज. यात उकळत्या ताज्या दुधात आंबट साय आणि फेटलेली अंडी एकत्र करून ओततात, दूध फाटले की त्याच निमुळत्या पिशवीत भरून दाबतात. हे चीज जास्त पिवळे, लुसलुशीत आणि गोडसर असते आणि त्याचा काप स्वच्छ निघतो. यान्यु सिएर्सची आठवण करून देणारे लिथुआनियातले चीज म्हणायचे तर हे. पश्चिमेकडच्या झेमायतियात ‘कस्तिनीस’ नावाचा पदार्थ असतो. आंबट साय आणि आंबट दूध कोमट पाण्यावर ठेवून ते दाट, लोण्यासारखे होईपर्यंत ढवळायचे, लसूण घालायचा आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर खायचे. ते चीज नव्हे, पण त्या आंबट दुधाच्या घराण्यातलेच आहे.

सासूबाईंसाठी वर्श्केस सूरिस निःशंकपणे करा. रेनेट नाही, अंडे नाही. पिशवीऐवजी जुन्या सुती पंचाचा त्रिकोणी तुकडा शिवून घेतलात तरी चालेल.

पैलतीर

उत्तररात्र यांचे मनापासून आभार. एक दुरुस्ती किंवा पुरवणी म्हणून एस्टोनियाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. लाटव्हियन आणि लिथुआनियन या बाल्टिक भाषा आहेत. एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळातली आहे, त्यामुळे एस्टोनियाच्या लोकांना काटेकोर अर्थाने बाल्टिक म्हणता येत नाही. पण दुधाने ही सीमा पाळलेली नाही. एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यात सेतोमा आणि व्होरू या भागांत ‘सोइर’ नावाचे चीज करतात आणि त्याची कृती यान्यु सिएर्सशी जवळजवळ जुळते : गरम दुधात आंबट चोथा, मग अंडी, लोणी, मीठ आणि तेच दाणे. सेतो लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, आणि त्यांच्या बायकांच्या ‘लेएलो’ या बहुस्वरी गायनाचा समावेश 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. मी तिथे खाल्लेला सोइर यान्यु सिएर्सपेक्षा चपटा आणि थोडा घट्ट होता. समुद्रापलीकडे फिनलंडच्या नैर्ऋत्य भागातही अंडी आणि ताक गरम दुधात घालून ‘मुनायूस्तो’ म्हणजे अंड्याचे चीज करतात. म्हणजे आंबट दूध, ऊन दूध आणि अंडे ही सांगड त्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर आहे. ती कोणाची मूळची, या वादात मला पडावेसे वाटत नाही.

ताकमेढी यांना एक प्रश्न : उरलेल्या निवळीचे काय करावे? काकू ती डुकरांना घालतात, पण पुण्याच्या घरात ते शक्य नाही.

ताकमेढी

ही निवळ आंबूस असते आणि तिच्यात दुग्धशर्करा व क्षार भरपूर असतात. भाकरीचे किंवा पोळीचे पीठ तिच्यात मळावे, पीठ मऊ होते. कढीसाठीही चालते, मात्र मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे. झाडांना घालायची असेल तर चांगली पाणी मिसळून घालावी, नुसती घालू नये.

निरगुडी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. दोन्ही चीज करून झाल्यावरच उत्तर द्यायचे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

वर्श्केस सूरिस पहिल्याच प्रयत्नात जमले. सासऱ्यांच्या जुन्या पंचाचा त्रिकोण शिवला, पोळपाट आणि फळी यांच्यामध्ये पिशवी ठेवली आणि वर वरवंटा ठेवला. सहा तासांनी पाचर निघाली आणि तिच्यावर पंचाची वीण उमटलेली होती. सासूबाईंनी त्यावर मध घालून दोन काप खाल्ले आणि म्हणाल्या की खरवसाची आठवण होते, फक्त हे आंबूस आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मागून घेतले.

यान्यु सिएर्स मात्र पहिल्यांदा पुन्हा बिघडले, कारण बिएस्पिएन्स करताना आच मोठी राहिली आणि त्याचे खडे झाले. दुसऱ्यांदा मी पातेले टॉवेलात गुंडाळून ठेवण्याची उत्तररात्र यांची युक्ती केली, गायीचे दूध घेतले आणि घोटताना स्वयंपाकाचा तापमापक लावला. पैलतीर यांनी लिहिले होते तसेच झाले. तिसऱ्या मिनिटाला लोणी कडेने तरंगत होते आणि मला आच बंद करावीशी वाटत होती, पण सातव्या मिनिटाला गोळा एकदम डावाभोवती जमला आणि चकाकू लागला. शहाजिरे दोन दुकानांतून आणले. एकाचा वास काळ्या जिऱ्याचा निघाला, दुसरे मनासारखे मिळाले. सकाळी फडके सोडले तेव्हा मध्ये गाठीचा खळगा होता आणि त्याच्या भोवती चुण्या. काप अखंड निघाला. चव आजींच्या चीजपेक्षा थोडी कमी खारट होती, म्हणून पुढच्या वेळी मीठ दोन चमचे घालणार आहे. मुलाला छायाचित्र पाठवले, त्याने ते त्या वर्गमैत्रिणीच्या आजींना दाखवले. आजींनी निरोप दिला की गाठ अजून घट्ट बांधावी आणि चीज गार होईपर्यंत एकदा तरी उलटावे.